ड्युसेलडॉर्फच्या 'ए प्लस ए'ला जायचंय? सेफ्टीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-तळेगाव पट्ट्यात मी एकोणीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करतो आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला भरणाऱ्या 'ए प्लस ए' या प्रदर्शनाला आणि परिषदेला 2019 आणि 2023 मध्ये जाऊन आलो. तेव्हापासून भोसरी, रांजणगाव, वाळूज, अंबड, कुठून कुठून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान.

'ए प्लस ए' म्हणजे नेमकं काय?

कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य या विषयावरचं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन आणि त्याला जोडून भरणारी परिषद. दर विषम वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस. 2023 मध्ये 2,200 हून जास्त कंपन्यांचे स्टॉल होते आणि सुमारे 62,000 माणसं येऊन गेली. आता पुढचं 2027 मध्ये. प्रदर्शन आणि परिषद यांची तिकिटं वेगळी असतात, हे आधी लक्षात घ्या. प्रदर्शनाचं तिकीट घेऊन परिषदेच्या दारात उभं राहिलेले आपले दोघेजण मी पाहिले आहेत.

मग ती 'वर्ल्ड काँग्रेस' म्हणतात ती वेगळी का?

वेगळी. ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संघटना मिळून भरवतात, साधारण दर तीन वर्षांनी आणि दर वेळी वेगळ्या देशात. पहिली 1955 मध्ये रोमला झाली. 1993 ची आपल्या नवी दिल्लीत झाली होती, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. 2017 मध्ये सिंगापूरला 'व्हिजन झिरो' (कामावर एकही मृत्यू किंवा इजा नको) मोहीम तिथेच सुरू झाली. 2023 ची सिडनीला झाली. त्या वेळी कामगार संघटनेने मांडलेला आकडा मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवला आहे: कामाशी संबंधित अपघात आणि आजार यांमुळे जगात दर वर्षी जवळपास 30 लाख कामगार मरतात. त्यातले 26 लाख आजारांनी आणि 3 लाख 30 हजार अपघातांनी. आपल्या कंपन्यांतल्या बोर्डांवर फक्त अपघातांचे दिवस मोजले जातात. धूळ, आवाज आणि सॉल्व्हंट यांनी जाणारी माणसं त्या बोर्डावर कधीच येत नाहीत.

तुम्हाला पेपर वाचायचा असेल, धोरणावरची चर्चा ऐकायची असेल, तर वर्ल्ड काँग्रेस. वस्तू हातात घेऊन पाहायच्या असतील, मशीन सुरक्षेवर प्रत्यक्ष माहितगाराशी बोलायचं असेल, तर 'ए प्लस ए'. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी 'ए प्लस ए' सुचवतो.

कंपनीला कसं पटवायचं?

'जागतिक ट्रेंड समजतील' असं लिहिलेला अर्ज एचआरकडून परत येतो, आणि तो परत यायलाच हवा. आपल्या शॉप फ्लोअरवरचा एकच प्रश्न घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळालेलं नाही. तो चार ओळींत लिहा. मागच्या तीन वर्षांत त्याच्यापायी किती निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात), किती इजा, किती दिवस वाया गेले ते जोडा. बस.

माझा 2019 चा प्रश्न सांगतो, म्हणजे कळेल. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे 160 टनी पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणारं यंत्र) एका कंत्राटी मुलाची दोन बोटं गेली. प्रेसला लाइट कर्टन होता, म्हणजे हात आत गेला की यंत्राला थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा. चालू होता. हात आत गेल्यावर त्याने सिग्नल दिला, तेही तपासलं. तरी स्लाइड (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) खाली आलीच. चौकशीत शेरा पडला, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. मला तो शेरा पटत नव्हता, पण खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. कर्टन चालू असताना बोटं गेलीच कशी, हा प्रश्न घेऊन मी गेलो.

मशीन सेफ्टीच्या एका स्टॉलवर वयस्कर इंजिनिअर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: तुमच्या प्रेसला थांबायला किती वेळ लागतो? मला माहीत नव्हतं. आमच्या कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. माणसाचा हात सेकंदाला 2,000 मिलिमीटर या वेगाने पुढे येतो असं धरायचं. त्याला थांबण्याच्या एकूण वेळेने गुणायचं, त्यात कर्टनचा स्वतःचा प्रतिसादाचा वेळही धरायचा. 14 मिलिमीटर रिझोल्यूशनचा (म्हणजे इतकी बारीक वस्तूही ओळखणारा) कर्टन असेल तर वर काही मिळवायचं नाही. जाड रिझोल्यूशन असेल तर अंतर आणखी वाढतं. उत्तर येईल तितका कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) लांब हवा. आयएसओ 13855 मध्ये हे सगळं दिलेलं आहे.

परत येऊन भाड्याने उपकरण आणलं आणि मोजलं. 0.21 सेकंद. म्हणजे कर्टन 420 मिलिमीटरवर हवा होता. तो बसवला होता 250 वर, कारण तिथे ब्रॅकेटला जागा होती. त्या मुलाचा हात कर्टनपेक्षा वेगवान नव्हता. कर्टनच चुकीच्या जागी होता. चौकशी अहवालातला तो शेरा मी लेखी बदलून घेतला. बोटं परत आली नाहीत, पण त्याच्या नावावरचा दोष गेला.

त्यानंतर सगळे प्रेस मोजले. ब्रेकचं लायनिंग झिजतं तसा थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा मोजावं लागतं. आणि पिन क्लचचे जुने प्रेस तर स्ट्रोक सुरू झाला की मध्ये थांबतच नाहीत. त्यांना लाइट कर्टन लावणं म्हणजे कामगाराला खोटा भरवसा देणं. तिथे फिक्स्ड गार्डच (हात आत जाऊच न देणारी पक्की जाळी) हवा. तुमच्या आसपासच्या व्हेंडरकडे पिन क्लचवर कर्टन लावलेला दिसला, तर कृपा करून आजच बोला.

आणखी एक मुद्दा मॅनेजमेंटला कळतो. जर्मनीचा पुरवठा साखळीबाबतचा कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. त्यामुळे मोठ्या जर्मन कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडची कामगार सुरक्षा तपासणं भाग पडलं. जर्मन ग्राहक असलेल्या कंपनीत ही ओळ अर्जात जरूर घाला.

खर्च किती येतो?

प्रदर्शनाचं तिकीट हा सगळ्यात छोटा खर्च. विमान आणि हॉटेल हेच मोठे. प्रदर्शनाच्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फमधली हॉटेलं नेहमीच्या कितीतरी पट दर लावतात. नॉइस, रातिंगेन किंवा डुइसबुर्गला राहा. डुइसबुर्गहून यू 79 ही ट्राम-मेट्रो थेट प्रदर्शनाच्या पूर्व बाजूच्या थांब्यावर सोडते. ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनवरून यू 78. बुकिंग चार-पाच महिने आधी करा आणि रद्द करता येईल असंच करा, कारण व्हिसा हातात नसतो.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आणि विमानतळाच्याच स्टेशनवरून जलद रेल्वेने दीडेक तासात ड्युसेलडॉर्फ, हा मला सोयीचा वाटलेला मार्ग.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो, बिझनेस प्रकारातला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. कधी कधी 45 दिवसही लागतात. अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. सोबत कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, प्रदर्शनाची नोंदणी, हॉटेल आणि विमानाचं बुकिंग.

बहुतेकांचं अडतं ते कंपनीच्या पत्रावर. 'हे आमचे कर्मचारी आहेत' एवढ्यावर भागत नाही. कोण जातंय, कशासाठी, कोणत्या तारखांना, खर्च कोण करणार आणि परत येऊन कोणत्या पदावर रुजू होणार, हे पाचही त्यात हवं.

मेलवर 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा परिषदेत भाषण द्या' असं आमंत्रण आलंय. जाऊ का?

नव्वद टक्के वेळा नको, असं मी सांगतो. तुमचा पेपर न वाचताच तो निवडला असेल, फी आधी मागत असतील, 'बेस्ट सेफ्टी लीडर' पुरस्कार पॅकेजमध्येच असेल, तर ती परिषद नाही, दुकान आहे. आयोजक संस्था कोण, मागची परिषद कुठे झाली, त्यात कोण बोललं, हे तिच्या मेलमधून नको, स्वतंत्रपणे शोधा. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या किंवा नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतल्या जाणत्या माणसाला विचारलंत तरी पाच मिनिटांत उलगडा होतो. अशा आमंत्रणावर प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून गेलेला एक तरुण मला ठाऊक आहे. हॉटेलच्या एका खोलीत बावीस खुर्च्या होत्या, त्यातल्या नऊ भरलेल्या.

मी सरकारी खात्यात किंवा सार्वजनिक उपक्रमात आहे. वेगळं काही?

हो. विभागाची परवानगी तर हवीच. राहण्याजेवणाचा किंवा विमानाचा खर्च परदेशी संस्था करणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांबाबतच्या कायद्याखाली केंद्राची आगाऊ मंजुरीही लागते. हे काम व्हिसाच्याही आधी सुरू करा.

दसरा-दिवाळीत येतं का ते?

वर्षावर आहे. 2023 चं प्रदर्शन 24 ऑक्टोबरला, नेमकं दसऱ्याला सुरू झालं. खंडेनवमीला मशीनची पूजा होते आणि मी तेव्हा विमानात होतो, म्हणून जाण्याआधी त्याचं वेगळं टूलबॉक्स टॉक (कामगारांशी छोटी सुरक्षा-चर्चा) घेतलं. हा विषय परदेशातल्या कुठल्याच परिषदेत येणार नाही, तो आपणच सांभाळायचा: लॉकआउट केल्याशिवाय (मशीनची वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय) पूजा नाही, फिरत्या शाफ्टवर किंवा कपलिंगवर हार नाही, आणि झेंडूचा शेवटचा हार उतरल्याचं सुपरवायझरने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्टार्ट नाही. नारळ फोडून झाल्यावर जमिनीवरचं पाणी पुसायचं.

घरी आणि कंपनीत फोन करताना वेळेचा हिशेब लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यानंतर साडेचार.

खायचं काय? शाकाहारी आहे.

उपाशी राहत नाही माणूस, पण दुपारी हॉलमध्ये ब्रेड, बटाटा, सॅलड यापलीकडे फारसं काही मिळत नाही. बाकरवडी, चिवडा, मेथीचे ठेपले न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सोबत नेता येत नाहीत आणि विमानतळावर ते टाकून द्यावे लागतात. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान घ्या.

जर्मन यायला हवं का?

प्रदर्शनासाठी नाही. परिषदेतली बरीच सत्रं जर्मनमध्ये असतात, काही इंग्रजीत किंवा दुभाष्यासह. कार्यक्रमपत्रिकेत भाषा लिहिलेली असते, ती पाहून आखणी करा. आपल्या इंग्रजीबद्दलचा संकोच मात्र घरीच ठेवून जा. तिथल्या निम्म्या लोकांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. प्रेसचं, डायचं, स्ट्रोकचं बोलणं सुरू झालं की भाषा आड येत नाही.

इतके हॉल, फिरायचं कसं?

पहिला दिवस फक्त तुमच्या प्रश्नाला द्या. ॲपवर आधीच दहा-बारा स्टॉल निवडून ठेवा आणि दोघा-तिघांना मेल करून वेळ मागा. वेळ ठरवून गेलात तर सेल्सवाला नाही, तांत्रिक माणूस भेटतो. दुसऱ्या दिवशी मोकळेपणी फिरा. फोटो काढण्याआधी विचारा. कॅटलॉग गोळा करू नका, कोड स्कॅन करा. परतीच्या बॅगेत वीस किलो कागद आणणारे अजूनही भेटतात.

एक सावधगिरी. तिथे हातमोजे, बूट, हार्नेस, मास्क यांचा इतका झगमगाट असतो की सेफ्टी म्हणजे पीपीई (अंगावर घालायची संरक्षक साधनं) असं वाटू लागतं. आपल्याला शिकवलेला क्रम आठवा: आधी धोका काढून टाकता येतो का, मग बदलता येतो का, मग मशीनला बंदिस्त करता येतं का, आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या अंगावर काही चढवायचं. त्या चकाकीत हा क्रम उलटा होऊन परतलेले अनुभवी अधिकारी मी पाहिले आहेत.

तिथली पीपीई इथे मागवावी का?

चांगली असतेच, पण दोन गोष्टी तपासा. पहिली, शिक्का. युरोपात पीपीईचे तीन वर्ग आहेत. उंचीवरून पडण्यापासून वाचवणारा हार्नेस, श्वसनाचा मास्क अशी जिवावरच्या धोक्याची साधनं तिसऱ्या वर्गात येतात, आणि त्यांच्या 'सीई' या युरोपीय नियमांत बसत असल्याच्या चिन्हाशेजारी चार अंकी क्रमांक असलाच पाहिजे. तो तपासणाऱ्या संस्थेचा असतो. इथे ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक हार्नेसवर नुसतं 'सीई' असतं. ते पाहून पुढे जाऊ नका. आणि 'सीई' आपल्याकडे पुरेसं नाही. सुरक्षा बुटांना आयएस 15298, हेल्मेटला आयएस 2925 ही आपली मानकं आहेत.

दुसरी गोष्ट उकाड्याची. बहुतेक माल बारा-पंधरा अंशांच्या हवेत आठ तास घालण्यासाठी बनवलेला असतो. मी प्रत्येक स्टॉलवर विचारायचो: आमच्या फाउंड्रीत मे महिन्यात बाहेरच 42 अंश असतात, फर्नेसजवळ त्याहून जास्त, हे कितपत घालवेल? काही जण गप्प झाले. दोघांनी मात्र वहीत लिहून घेतलं आणि नंतर जाळीदार पाठीचे नमुने पाठवले. आपण विचारलं नाही तर आपल्या हवेसाठी कुणी बनवणार नाही.

जर्मनीतच इतकं मोठं प्रदर्शन का?

याचं मूळ 1884 च्या अपघात विमा कायद्यात आहे, बिस्मार्कच्या काळातल्या. तिथे उद्योगनिहाय विमा संस्था आहेत. हप्ता फक्त मालक भरतो आणि तो धंद्याच्या धोक्यानुसार ठरतो. भरपाई देणारी संस्थाच कारखान्यात येऊन तपासणी करते, सल्ला देते, संशोधनही करते. अपघात झाला तर पैसे तिचेच जातात, म्हणून तो टाळण्यात तिला रस असतो.

आपल्याकडे ईएसआय या कामगार विमा योजनेत मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के, मग ते ऑफिस असो की प्रेस शॉप. बोटं वाचवणाऱ्या कारखान्याला आणि बोटं घालवणाऱ्या कारखान्याला दर एकच. ईएसआयने लाखो कुटुंबांना आधार दिला आहे, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण हा फरक तिथे जाऊन समजला तेव्हापासून मला वाटतं, आपल्या संघटनांनी यावर बोलायला हवं.

तिथले लोक भारताबद्दल काय विचारतात?

भोपाळ. अजूनही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली ती रात्र जगभरच्या सुरक्षेच्या शिक्षणात आहे. 2019 मध्ये मला विचारलं तेव्हा मी वरवर उत्तर दिलं आणि रात्रभर ते डाचत राहिलं. 2023 ला वाचून गेलो: विषारी रसायनाच्या टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं, स्क्रबर (निसटलेला वायू निष्प्रभ करणारं यंत्र) आणि फ्लेअर (तो जाळून टाकणारी ज्योत) कामाचे नव्हते, आणि 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं ते त्यानंतरच. आपल्या माणसांच्या मरणाबद्दल आपल्यालाच नीट सांगता यायला हवं.

एखादा जादा दिवस मिळाला तर?

डॉर्टमुंडला 'डासा' पाहा. कामाच्या जगाचं हे संग्रहालय 1993 पासून आहे आणि जर्मनीची सरकारी कामगार सुरक्षा संस्था ते चालवते. यंत्रमाग प्रत्यक्ष चालू करून दाखवतात आणि त्या खडखडाटात उभं राहिल्यावर इचलकरंजी आणि मालेगाव आठवल्याशिवाय राहत नाही. आवाजाने कान जातात हे आपण स्लाइडवर दाखवतो. तिथे ते छातीत जाणवतं.

परत आल्यावर काय करायचं?

पहिल्या आठवड्यात, मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनच्या आधी, ज्यांच्या प्रश्नासाठी गेलात त्या लाइनवर जा आणि मराठीत किंवा हिंदीत वीस मिनिटं सांगा. महिन्याभरात एक गोष्ट बसवून दाखवा. एकच.

ऑपरेटरला नेता येतं का?

येतं, आणि मी म्हणेन न्याच. 'दहावी नाही, पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी) शिक्का आहे' ही अडचण सांगितली जाते. ती खरी नाही. ती मंजुरी आखाती आणि इतर ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना लागते, जर्मनीला प्रदर्शन पाहायला जाताना नाही.

2023 मध्ये आमच्या प्रेस शॉपमधले एक ज्येष्ठ ऑपरेटर सोबत होते. शीटमेटल हाताळायचे हातमोजे पाहत होतो. विक्रेत्याने सर्वांत वरच्या प्रतीचा, कापण्याला सर्वाधिक टिकणारा मोजा दिला आणि त्यावर सुरी फिरवून दाखवली. मी किंमत विचारायच्या बेतात होतो. दादांनी मोजा चढवला, खिशातून एक वॉशर काढून टेबलावर ठेवला आणि उचलायला गेले. तीनदा प्रयत्न केला, उचलला गेला नाही. मग मला म्हणाले, "साहेब, हा घालून दिला तर पोरं पहिल्या तासात काढून ठेवतील." मी ते इंग्रजीत सांगितलं. विक्रेत्याने तो मोजा बाजूला ठेवला, एक पायरी खालचा पण पातळ मोजा आणला, आणि वॉशर स्वतःच दादांच्या पुढे सरकवला.